पिकाला विष, माणसाला औषध

आपल्या जुन्या वैद्यांच्या बटव्यात बचनाग असे, कुचला असे. ही दोन्ही उघड विषे. परंतु ती शुद्ध करून बेताने दिली असता औषधाचे काम करतात, असा आपल्या वैद्यकाचा फार जुना समज आहे. मराठीत 'मात्रा' हा शब्द औषधालाही लावतात आणि परिमाणालाही लावतात. सहाणेवर उगाळून द्यावयाची ती मात्रा, आणि किती द्यावयाची तीही मात्राच. आजच्या लेखात याच दृष्टीने विषांच्या एका निराळ्या वर्गाची ओळख करून घ्यावयाची आहे. ही विषे झाडाच्या मुळीत नसतात की सापाच्या दाढेत नसतात. आपल्या शेतातील पिकांवर रोग पाडणाऱ्या बुरशी आणि जीवाणू ती तयार करतात.

हे सूक्ष्म जीव विष का तयार करीत असावेत? बुरशीला दात नाहीत, नखे नाहीत. वनस्पतीची पेशी म्हणजे भक्कम भिंतीची कोठी. तिच्यातील अन्न मिळवावयाचे तर भिंत तरी पाडली पाहिजे किंवा आतल्या राखणदाराला फसविले तरी पाहिजे. त्यासाठी हे जीव निरनिराळी रसायने सोडतात. काही रसायने पेशीला सरळ मारून टाकतात, काही तिच्यातील क्षार बाहेर झिरपवतात, तर काही वनस्पतीच्या अंगच्या संदेशवाहक द्रव्यांचे सोंग घेऊन तिच्याकडून भलतेच काम करून घेतात. पाने पिवळी पडणे, रोप सुकणे, खोड वेडेवाकडे वाढणे ही लक्षणे पुष्कळदा या रसायनांचीच असतात.

यांतील बहुतेक विषे सरसकट नाश करीत नाहीत. सजीवाच्या गुंतागुंतीच्या यंत्रातील एखादाच खिळा ती नेमका हेरतात. म्हणून विषाचा माग काढीत जो जातो, त्याला त्या खिळ्याचा पत्ता लागतो. आणि पत्ता लागला म्हणजे तो खिळा कधी आवळावा, कधी सैल करावा, हे माणसाला ठरविता येते. पुढील तीन हकिकतींवरून हे अधिक स्पष्ट होईल.

वेडे रोप

जपानमधील भातशेतीत एक चमत्कारिक रोग फार पूर्वीपासून माहीत होता. खाचरातील काही रोपे एकाएकी इतरांच्या वर डोके काढीत. ती उंच, बारीक आणि फिकट दिसत. नवख्याला वाटावे, पीक जोमात आहे. परंतु अशा रोपांना फुटवे कमी येत, लोंबीत दाणा भरत नसे, आणि पुष्कळशी रोपे त्यापूर्वीच मरून जात. जपानी शेतकरी या रोगाला 'बाकानाए', म्हणजे 'वेडे रोप', असे म्हणत. आपल्या पंजाब-हरियाणातील बासमतीच्या शेतांतही हा रोग येतो. तेथे त्याला 'झंडा रोग' म्हणतात. साऱ्या शेतावर एकटेच फडकणारे रोप पाहिले म्हणजे हे नाव किती समर्पक आहे ते ध्यानात येते.

हा रोग एका बुरशीमुळे होतो, हे १८९८ साली होरी या जपानी शास्त्रज्ञाने दाखविले. खरा उलगडा मात्र १९२६ साली तैवानात झाला. तैवान त्या वेळी जपानच्या ताब्यात होते. तेथील एइइची कुरोसावा या संशोधकाने ही बुरशी द्रवात वाढविली, नंतर तो द्रव गाळून बुरशी वेगळी काढली आणि नुसता गाळलेला द्रव निरोगी रोपांना दिला. ती रोपेही तशीच वेड्यासारखी वाढली! बुरशी नसतानाही रोग दिसला, त्या अर्थी रोगाचे मूळ बुरशीने सोडलेल्या एखाद्या द्रव्यात असले पाहिजे, हे सिद्ध झाले.

ते द्रव्य हाती यावयाला आणखी बारा वर्षे लागली. टोकियो येथील तेइजिरो याबुता यांना या बुरशीच्या द्रवातून प्रथम मिळाले ते रोपाची वाढ खुंटविणारे दुसरेच विष. बुरशीचे खाद्य बदलून त्यांनी प्रयोग चालू ठेवले. वाढ करणाऱ्या द्रव्याला त्यांनी १९३५ साली 'जिबरेलिन' हे नाव दिले, आणि १९३८ साली त्यांनी व सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळविले. पुढे महायुद्ध आले आणि ही बातमी जपानबाहेर फारशी पोचली नाही. १९५० च्या दशकात इंग्लंड व अमेरिका येथील प्रयोगशाळांनी हे काम हाती घेतले, तेव्हा कोठे जिबरेलिन जगापुढे आले.

यानंतर जे आढळले ते सर्वांत आश्चर्याचे होते. १९५८ साली घेवड्याच्या निरोगी झाडाच्या बियांतून जिबरेलिन मिळाले. म्हणजे बुरशीचे म्हणून ज्याला विष म्हटले, ते वनस्पतीच्या स्वतःच्याच घरचे द्रव्य निघाले. बी रुजताना, खोड वाढताना, फळ भरताना प्रत्येक झाड ते अगदी थोड्या प्रमाणात तयार करीत असते. बुरशी तेच द्रव्य बेसुमार ओतते, आणि रोप वाढता वाढता मरते. 'अति तेथे माती' ही आपली म्हण या रोगाला अक्षरशः लागू पडते.

द्राक्षांचा घड आणि गव्हाचे बुटके रोप

या शोधाचा उपयोग आज आपल्या घरातील ताटापर्यंत आला आहे. नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदारांना 'जीए' हे नाव तोंडपाठ आहे. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, त्याच कुळातील एक द्रव्य. द्राक्षाच्या मण्यात बी असले म्हणजे ते बीच जिबरेलिन पुरवून मण्याला वाढावयास सांगते. बिनबियांच्या जातींत हा निरोप अपुरा पडतो. मणी लहान राहतात आणि घडात दाटी होते. म्हणून बागाईतदार जीएचे अत्यंत पातळ द्रावण घडांवर फवारतात किंवा घड त्यात बुडवून काढतात. प्रमाण लिटरभर पाण्यात साधारण १० ते ४० मिलिग्रॅम, आणि तेही घडाच्या वाढीची अवस्था पाहून. प्रमाण चुकले किंवा वेळ चुकली तर पुढील नुकसान बागाईतदारालाच सोसावे लागते. एकीकडे बियर व माल्ट यांसाठी जव मोडविण्याच्या कामी, दुसरीकडे संकरित भाताच्या बीजोत्पादनात लोंबी पानाच्या वेष्टनाबाहेर नीट यावी म्हणूनही जिबरेलिन वापरतात.

येथे गृहिणींच्या मनात साहजिकच शंका येईल : मग अशी द्राक्षे मुलांना द्यावी की नाही? जिबरेलिन हे आपण रोज खातो त्या धान्यांत, भाज्यांत व फळांत निसर्गतःच असते, हे वर आलेच आहे. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चांगली धुऊन खावीत हे खरे. परंतु ते मुख्यतः कीड व रोग यांसाठी मारलेल्या औषधांच्या आणि धुळीच्या दृष्टीने.

जिबरेलिनच्या अभ्यासाचा दुसरा धागा याहूनही मोठा आहे. १९६० च्या दशकात देश अन्नटंचाईने गांजला असता १९६६ साली मेक्सिकोहून गव्हाचे सुमारे १८,००० टन बियाणे आणले गेले. हे गहू बुटके होते. देशी उंच गव्हाला भरपूर खत दिले की तो ओंबीच्या भाराने आडवा पडे. बुटका गहू उभा राहून खताचे दाण्यात रूपांतर करी. त्याच वर्षी फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर ८' हा बुटका भात प्रसृत केला. हरित क्रांतीचा पाया या बुटक्या जातींनी घातला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बुटक्या का, हे मात्र त्या वेळी कोणाला सांगता आले नसते. १९९९ साली दिसून आले की बुटक्या गव्हाचे रोप जिबरेलिनचा निरोप नीट ऐकतच नाही; आणि २००२ साली कळले की आयआर ८ मध्ये जिबरेलिन तयार करणारा एक जनुक बिघडलेला आहे. बाकानाए रोगात ज्या द्रव्याच्या अतिरेकाने रोप उंच होऊन मरते, त्याच द्रव्याच्या कमतरतेने रोप बुटके राहून कणग्या भरते. आयआर ८ चा बुटकेपणा ज्या जुन्या भातापासून आला, तो भातही कुरोसावांनी जेथे प्रयोग केले त्या तैवानातलाच होता.

रायवरील काळे शिंग

दुसरी हकिकत युरोपातील आहे, आणि ती अधिक दारुण आहे. तेथील थंड प्रदेशात राय नावाच्या धान्याची भाकरी गोरगरीब खात. या धान्याच्या कणसात कधी कधी दाण्याच्या जागी काळसर जांभळी, शिंगासारखी वाकडी गाठ येते. तिला अर्गट म्हणतात. ती एका बुरशीची विश्रांतीची अवस्था असते. बुरशीचे संपूर्ण जीवनचक्र १८५३ साली तुलान या फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडून दाखविले. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके लोक अर्गटमिश्रित पीठ अजाणता खात आले होते. त्याने रक्तवाहिन्या आकसत, हातापायांची आग होई, बोटे काळी पडून झडत. मध्ययुगात या रोगाच्या साथींनी गावेच्या गावे ओस पडली. संत अँथनीच्या नावाने स्थापन झालेल्या एका ख्रिस्ती पंथाने या रोग्यांची शुश्रूषा केली, आणि रोगालाही 'संत अँथनीचा अग्नी' हे नाव पडले.

हेच अर्गट युरोपातील सुइणी चिमूटभर वापरीत, कारण त्याने गर्भाशय जोराने आवळते. १८०८ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉ. जॉन स्टर्न्स यांनी एका पत्राने ही माहिती डॉक्टरांपुढे ठेवली. बाळंतपण झटपट उरकण्यासाठी अनेकांनी ती पूड देण्याचा सपाटा लावला. अर्गटात द्रव्याचे प्रमाण किती, हे कोणास मोजता येत नव्हते. परिणाम असा झाला की बाळ बाहेर येण्यापूर्वीच गर्भाशय आवळून कित्येक बालके मृत जन्मली. ही प्रसवाची पूड नसून मृत्यूची पूड आहे, असा इशारा डॉ. हॉसॅक यांनी १८२० च्या दशकात दिला. तथापि मूल जन्मल्यानंतरचा रक्तस्राव थांबविण्यापुरता तिचा उपयोग करावा, असेही त्यांनी सांगितले. पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाने त्यांचाच सल्ला खरा ठरविला.

१९१८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आर्थर स्टोल यांनी अर्गटातून अर्गोटॅमिन हे शुद्ध द्रव्य काढले. अर्धशिशीच्या दुखण्यावर ते पुढे वापरले गेले. परंतु सुइणींचा अर्गटाचा साधा पाण्यातील काढा गर्भाशयावर ज्या वेगाने काम करी, तो वेग या द्रव्यात नव्हता. १९३२ साली लंडनमध्ये डॉ. चॅसर मॉयर यांनी हा जुना काढाच बाळंतिणींना देऊन गर्भाशयाच्या आकुंचनाचे मोजमाप केले, आणि त्यात अद्याप कोणी न ओळखलेले द्रव्य असले पाहिजे असे दाखविले. १९३५ साली डडली व मॉयर यांनी ते वेगळे केले, तेच अर्गोमेट्रिन. त्याच सुमारास इतर देशांतील प्रयोगशाळांनाही ते मिळाले.

प्रसूतीनंतर वार पडली की तेथील रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशय आवळले तरच त्यांची तोंडे मिटतात. ते सैल राहिले तर थोड्याच वेळात बाळंतिणीचे प्राण धोक्यात येतात. आजही जगातील मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांत या रक्तस्रावाची गणना होते. आता पहिला मान ऑक्सिटोसिन या औषधाला आहे. परंतु अर्गोमेट्रिन व त्याचेच भावंड असलेले मेथिलअर्गोमेट्रिन ही औषधे आजही प्रसूतिगृहात हाताशी ठेवतात. रक्तदाब जास्त असलेल्या स्त्रीला ती देत नाहीत, मूल जन्मण्यापूर्वी देत नाहीत, आणि उष्णता व उजेड यांनी त्यांचा गुण जात असल्यामुळे ती थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी लागतात. घरी बाळंतपण उरकण्यापेक्षा आरोग्यकेंद्रात जावे असे सरकार व डॉक्टर जे वारंवार सांगतात, त्याचे एक कारण हेही आहे. नेमके औषध, नेमक्या क्षणी, जाणत्या हाताने मिळणे यावर तेथे आईचा जीव अवलंबून असतो.

आपल्या देशातही १९४० च्या दशकात, तत्कालीन मद्रास प्रांतातील निलगिरीच्या थंड हवेत राय पेरून तिच्यावर मुद्दाम अर्गट वाढविण्याचे प्रयत्न झाले. ज्या रोगाने युरोपातील शेतकरी धास्तावला होता, तोच येथे पीक म्हणून घेतला गेला! आज ही बुरशी कारखान्यातील टाक्यांतही वाढवितात.

बाजरी निवडताना

अर्गट हे केवळ परदेशाचे प्रकरण आहे असे समजू नये. बाजरीवर याच कुळातील दुसरी बुरशी येते. आपले शेतकरी तिला अरगट म्हणतात. कणीस फुलोऱ्यात असता त्यातून मधासारखा चिकट द्रव गळतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी दिसतात. १९५० च्या दशकात जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात आणि १९७५ साली राजस्थानात अशी बाजरी खाल्ल्याने लोकांना विषबाधा झाली. मळमळ, वारंवार ओकाऱ्या, घेरी व गुंगी ही तिची लक्षणे. सुदैवाने या बुरशीचे विष राईच्या अर्गटापेक्षा वेगळे व सौम्य आहे, आणि रोगी बहुधा एकदोन दिवसांत बरे होतात. परंतु वेगळे आहे म्हणूनच त्यात प्रसूतीची औषधी द्रव्येही नाहीत. काळी गाठ दिसली म्हणून ती औषध समजून कोणी घरी वापरू नये.

उपाय सोपा आहे. बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकावी. हलक्या गाठी व पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून जाळून टाकावेत. खाली बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. खाण्यासाठी आणलेल्या बाजरीत काळ्या गाठी दिसल्या तर दळणाआधी ती सुपात घोळून, निवडून घ्यावी. गाठी फार असल्या तर ती खाऊ नये आणि गुरांनाही घालू नये.

विष घेतले हाती कसोटीला

तिसरी हकिकत अमेरिकेतील. तांबेरा न येणारी म्हणून 'व्हिक्टोरिया' या वाणाच्या रक्ताचे ओट तेथे सर्वत्र पेरले गेले. १९४६ साली याच ओटांवर एक नवा करपा आला. त्याच्या बुरशीचे विष व्हिक्टोरियाच्या वंशातील रोपांना अतिशय अल्प प्रमाणातही मारी आणि शेजारच्या दुसऱ्या जातीच्या रोपाला धक्काही लावीत नसे. मग शास्त्रज्ञांनी या विषालाच परीक्षक नेमले. १९५० च्या दशकात त्यांनी कोट्यवधी अंकुर या विषात घातले. जे थोडे वाचले त्यांतून रोगाला न जुमानणारी रोपे निवडली. शेतात रोगाची वाट पाहत वर्षे घालवावयाची, ते काम काही दिवसांत होऊ लागले.

हा धडा पूर्णपणे गिरविला गेला नाही. संकरित मक्याचे बियाणे स्वस्तात तयार व्हावे म्हणून अमेरिकेतील सुमारे चार पंचमांश मका एकाच 'टेक्सास' नावाच्या मातृवंशाचा झाला होता. १९७० साली एका बुरशीच्या नव्या प्रकाराने या वंशाला नेमके लागू पडणारे विष सोडले, आणि देशातील सुमारे १५ टक्के मका एका हंगामात गेला. सर्व शेतांना एकच कुलूप लावले, तर चोराला एक किल्ली पुरते. आपल्या राज्याराज्यांतील निरनिराळ्या जातींचे भात, ज्वारी व कडधान्ये जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळावे.

आजही या दिशेने काम चालू आहे. बटाट्यावर खवल्या आणणारा एक जीवाणू थॅक्स्टोमिन हे विष तयार करतो. त्याने नव्या पेशींच्या भिंती बांधल्या जात नाहीत. तण मारण्यासाठी त्याच्या वापराला अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. बदाम व पीच यांवरील एका बुरशीतून १९६४ साली इटलीत मिळालेल्या फ्युझिकॉक्सिन या विषाने पानांची सूक्ष्म रंध्रे उघडीच राहतात आणि झाड सुकते. पेशीच्या आतील प्रथिने एकमेकांस कशी धरून ठेवतात, याचा अभ्यास करण्यास शास्त्रज्ञ त्याची मदत घेतात. अर्थात विष निसर्गातले आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. प्रत्येकाची कसून परीक्षा झाल्याशिवाय ते शेतात किंवा दवाखान्यात येऊ देता कामा नये.

वाचकहो, वरील प्रत्येक हकिकतीत द्रव्य तेच राहिले. बदलले ते त्याविषयीचे ज्ञान आणि त्याचे मोजमाप. स्टर्न्स यांच्या काळी जी चिमूट बालकांच्या जिवावर उठली, तीच मोजता येऊ लागताच मातांच्या उपयोगी पडली. म्हणून आपल्या मुलांपैकी कोणी शेताच्या बांधावर एखादे रोगट पान किंवा काळे कणीस हाती घेऊन 'हे असे का झाले?' म्हणून विचारले, तर ते खाली टाकावयास व हात धुवावयास अवश्य सांगावे. परंतु त्याचा प्रश्न मात्र टाळू नये. कुरोसावांनीही खाचरातील उंच रोपांकडे पाहून तोच प्रश्न विचारला होता.